एका उड्डाणाचे चार तास: छोट्या विमानाच्या तासांची नोंद कशी ठेवावी

सातारा-सांगली भागात तासाचा मीटर कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जेसीबी तासावर बोलावला जातो, ट्रॅक्टरचे ऑइल तास बघून बदलले जाते, आणि जुना ट्रॅक्टर घ्यायला गेलेला जाणता शेतकरी रंगाकडे पाहण्याआधी मीटरचा आकडा वाचतो. छोट्या खासगी विमानाच्या नोंदी ही याच सवयीची पुढची पायरी आहे. मात्र ट्रॅक्टरला मीटर एकच असतो, तर विमानाच्या एकाच उड्डाणातून तासांचे चार वेगवेगळे आकडे निघतात. हे चारही आकडे खरे असतात. घोटाळा होतो तो खरा आकडा भलत्याच वहीत लिहिल्यामुळे, आणि तो बहुधा वर्ष-दोन वर्षांनी, विमान विकायला काढल्यावर किंवा तपासणी तोंडावर आल्यावर उघडकीस येतो.

एक उदाहरण घेऊ. कराडजवळची धावपट्टी १९५० च्या दशकात कोयना धरणाच्या कामासाठी बांधली गेली. तेथून सेसना १७२ जातीचे विमान बारामतीला निघाले आहे असे धरू. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ११५ किलोमीटर भरते. इंजिन सकाळी ७ वाजून ४ मिनिटांनी सुरू झाले, विमान जागेवरून ७ वाजून १० मिनिटांनी हलले, रन-अप (उड्डाणाआधी इंजिन वाढवून करायची तपासणी) करून ७ वाजून २० मिनिटांनी चाके जमिनीवरून सुटली, ८ वाजून २ मिनिटांनी बारामतीला चाके टेकली, आणि ८ वाजून १० मिनिटांनी विमान थांबून इंजिन बंद झाले. इंजिन एकूण ६६ मिनिटे चालले, म्हणून इंजिनाचे तास मोजणारा हॉब्स मीटर १.१ तास पुढे सरकला. विमान स्वतःच्या बळावर हलल्यापासून थांबेपर्यंत ६० मिनिटे गेली, म्हणजे उड्डाणकाळ १.० तास झाला. विमान प्रत्यक्ष हवेत ४२ मिनिटे होते, म्हणजे ०.७ तास. इंजिनाची गती दाखवणाऱ्या टॅकोमीटरमधील (थोडक्यात टॅक) तासाचा आकडा मात्र ०.८५ च्या आसपास सरकला. अशीच उड्डाणे होत राहिली, तर शंभर तासांची तपासणी हॉब्सच्या हिशेबाने ९१ व्या उड्डाणाला येते, टॅकच्या हिशेबाने ११८ व्या आणि हवेतील वेळेच्या हिशेबाने १४३ व्या उड्डाणाला येते. कोणता आकडा कोठे लागू होतो हे आधी ठरवून घेतले पाहिजे, ते एवढ्याचसाठी.

या चारांपैकी टॅकचा आकडा सर्वांत कमी समजलेला असतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. जुन्या पद्धतीचा यांत्रिक टॅकोमीटर वेळ मोजतच नाही; तो इंजिनाचे फेरे मोजतो आणि ठरावीक फेऱ्यांना एक तास असे नाव देतो. समजा तो मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर जुळवलेला असेल, तर इंजिन त्या गतीने चालत असताना घड्याळाचा तास आणि टॅकचा तास सारखा येतो, पण जमिनीवर १,००० फेऱ्यांनी घुरघुरत उभे असताना घड्याळाची २४ मिनिटे टॅकवर केवळ १० मिनिटे ठरतात. जुन्या ट्रॅक्टरचा मीटर असाच चालतो, आणि उसाच्या ट्रॉल्या कारखान्याच्या दारात रांगेत उभ्या असताना तो हळू का पळतो हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको. आपल्या टॅकचा मूळ आरपीएम (मिनिटाचे फेरे) कोणता हे सहसा तबकडीवर बारीक अक्षरांत किंवा मागच्या पट्टीवर छापलेले असते. तो शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. काही इलेक्ट्रॉनिक टॅक याहून वेगळे वागतात. ते ठरावीक आरपीएम ओलांडल्याशिवाय तास मोजतच नाहीत आणि ओलांडल्यावर घड्याळाप्रमाणे मोजतात, त्यामुळे यांत्रिक टॅक काढून इलेक्ट्रॉनिक बसवला की जुने गुणोत्तर निकामी होते.

हॉब्स हे मुळात एका अमेरिकन कंपनीचे नाव. आता अशा कोणत्याही तासमीटरला ते लागते. हा मीटर साधे घड्याळ आहे. वीज मिळाली की चालतो, वीज तुटली की थांबतो. म्हणून खरा प्रश्न त्याला वीज कोठून मिळते हा आहे. बहुतेक विमानांत ती ऑइल प्रेशरच्या स्विचमधून येते, म्हणजे इंजिन सुरू होऊन तेलाचा दाब चढला की मीटर धावू लागतो. काही विमानांत ती मास्टर स्विचवरून, म्हणजे विमानाच्या विजेच्या मुख्य स्विचवरून, घेतलेली असते, आणि काहींत हवेचा वेग ओळखणाऱ्या स्विचवरून, जो केवळ विमान वेगात असताना मीटर चालवतो. तिन्हींचा आकडा तीन तऱ्हांचा येणार. कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये; इंजिन बंद ठेवून मास्टर स्विच लावावा आणि मीटरमधील फिरणारी लहान खूण हलते का ते काही मिनिटे पाहावे. हलत असेल, तर जमिनीवर रेडिओ तपासताना किंवा नवख्या विद्यार्थ्याला पॅनेल समजावून सांगतानाही तास चढत आहेत, आणि ते इंजिनाच्या खात्यावर घालणे अन्यायाचे आहे.

आता कोणता आकडा कोणत्या वहीत जातो ते पाहू. वैमानिकाच्या लॉगबुकात उड्डाणकाळ जातो, म्हणजे विमान उड्डाणाच्या हेतूने स्वतःच्या बळावर प्रथम हलल्यापासून उड्डाण संपून स्थिर होईपर्यंतचा वेळ. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणारे २०० तास याच व्याख्येने मोजले जातात. इंजिन सुरू करून चेकलिस्ट वाचण्यात गेलेली सहा मिनिटे त्यात धरता येत नाहीत, जरी हॉब्सने ती मोजलेली असली तरी. भारतात १९३७ च्या विमान नियमांतील नियम ६७ विमानाच्या लॉगबुकांविषयी आणि नियम ६७ए वैमानिकांच्या लॉगबुकांविषयी आहे. लॉगबुक भरणाऱ्याने हे दोन्ही नियम एकदा मुळातून वाचावेत. ते लांबलचक नाहीत. विमानाच्या ढाच्याचे, म्हणजे एअरफ्रेमचे, तास सर्वसाधारणपणे हवेतील वेळेवर मोजले जातात. अमेरिकन नियमांत देखभालीसाठीचा सेवाकाळ चाके जमिनीवरून सुटल्यापासून पुढच्या ठिकाणी टेकेपर्यंतचाच मानला आहे. मात्र अनेक छोट्या विमानांत त्याच्या जागी टॅकचा आकडा वापरण्याचा प्रघात आहे, कारण तो आयता मिळतो. तुमच्या विमानाला कोणता धरायचा हे मंजूर देखभाल कार्यक्रमात पाहावे, आपल्या लायसन्सधारक एएमईंशी (विमान देखभाल अभियंत्यांशी) बोलून पक्के करावे, आणि मग मध्येच बदलू नये. हॉब्सचा आकडा मुख्यतः भाड्याच्या हिशेबाला उपयोगी पडतो. येथे माझे एक मत नोंदवतो: हॉब्सवर भाडे आकारले की विद्यार्थी टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, घाई करतो आणि रन-अप उरकतो, टॅकवर आकारले की तो आरपीएम खाली ठेवून रेंगाळतो. पैशाचा मीटर माणसाचे उड्डाण बदलतो, हे क्लब चालवणाऱ्यांनी दर ठरवताना ध्यानात घ्यावे.

प्रत्यक्ष नोंद करताना एक शिस्त सर्वांत मोलाची आहे, ती अशी की विमानात बसून फरक लिहू नये, वाचन लिहावे. इंजिन सुरू करण्यापूर्वी हॉब्स आणि टॅक यांचे पूर्ण आकडे, जागा सोडल्याची, चाके सुटल्याची, चाके टेकल्याची आणि थांबल्याची वेळ, शेवटी पुन्हा दोन्ही मीटरांचे आकडे, आणि लँडिंगची संख्या, इतके सर्व मांडीवरच्या कागदावर त्या त्या क्षणी उतरवावे. वजाबाकी घरी किंवा ऑफिसात करावी. वाचन लिहिलेले असले की चूक नंतरही सापडते, कारण आजचे सुरुवातीचे वाचन कालच्या शेवटच्या वाचनाशी जुळलेच पाहिजे. जुळले नाही तर मधले एखादे उड्डाण किंवा एखादा ग्राउंड रन (जमिनीवरच इंजिन चालवणे) नोंदवायचा राहिला आहे. नुसता फरक लिहिला, तर ही साखळी तुटते. सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) आणि टच-अँड-गो (चाके टेकताच पुन्हा उडणे) यांच्या सरावात पहिल्या टेक-ऑफपासून शेवटच्या लँडिंगपर्यंतचा वेळ सलग धरण्याची सर्वसाधारण रीत आहे, परंतु लँडिंग प्रत्येक मोजावे, कारण चाके, टायर आणि ब्रेक यांची झीज तासांपेक्षा टेकण्यांवर अवलंबून असते.

मिनिटे आणि दशांश यांची गल्लत ही आपल्याकडची सर्वांत जुनी चूक. दीड तासाचे उड्डाण कोणी १.३० असे लिहितो, दुसरा ते १.३ तास समजून बेरजेत धरतो, आणि बारा मिनिटे गायब होतात. तोंडाने मोजायला आपली भाषा सोयीची आहे: सव्वा म्हणजे १.२५, दीड म्हणजे १.५, पावणेदोन म्हणजे १.७५. वहीत मात्र मिनिटे लिहायची तर तास आणि मिनिटांमध्ये विसर्गचिन्ह घालावे, दशांश लिहायचे तर टिंब, आणि एका रकान्यात एकच पद्धत. दशांशाच्या एका घराची किंमत सहा मिनिटे असते. प्रत्येक उड्डाणाला वरच्या घराकडे पूर्णांकित करण्याची सवय लागली आणि दर खेपेला सरासरी तीन मिनिटे वाढली, तर शंभर उड्डाणांत पाच तास हवेतून आले असे होते. म्हणून मूळ नोंद मिनिटांतच ठेवावी आणि पूर्णांक केवळ बेरजेला करावा.

लॉगमधील वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहावी लागते, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. मोठ्या विमानतळांवर पहाटे उडणाऱ्यांची यात तारीख मागे सरकते आणि गोंधळ होतो. कराडहून दिवसाच उडणाऱ्याला ही काळजी करण्याचे कारण नाही: सूर्योदयाच्या २० मिनिटे आधी ही व्हीएफआर, म्हणजे नजरेने बाहेर पाहून करायच्या, उड्डाणाची मर्यादा आहे, आणि आपल्या रेखांशावर ती उन्हाळ्यातही साडेपाचच्या आधी येत नाही.

विमान, इंजिन आणि प्रोपेलर या तिघांची खाती वेगळी असतात, कारण तिघांचे आयुष्य वेगळे असते. इंजिन ओव्हरहॉल झाले की त्याचे ओव्हरहॉलनंतरचे तास शून्यापासून सुरू होतात, पण जन्मापासूनचे एकूण तास पुढे चालूच राहतात, आणि एअरफ्रेमच्या खात्याला तर त्याचा स्पर्शही होत नाही. सर्वांत मोठा धोका मीटर बदलण्याच्या दिवशी असतो. एका विमानाच्या वह्या माझ्याकडे आल्या, तेव्हा टॅकचा आकडा मधल्या एका पानावर दोन हजारांच्या पुढून अचानक शून्यावर आलेला दिसला. एका वर्कशॉपने बंद पडलेला टॅक बदलला होता, जुने वाचन कोठेही लिहिले नव्हते, आणि बदलापूर्वी तो किती दिवस बंद होता हेही कोणी टिपले नव्हते. इंधनाच्या पावत्या आणि वैमानिकांची लॉगबुके समोर ठेवून तो हिशेब लावायला मला तीन आठवडे लागले. म्हणून मीटर काढताना त्याचे शेवटचे वाचन, नव्याचे पहिले वाचन, तारीख आणि या दोहोंतील फरक लॉगबुकात लिहून एएमईंची सही घ्यावी, आणि तो फरक त्यानंतरच्या प्रत्येक बेरजेत मिळवावा. शक्य असल्यास मीटरचा फोटोही ठेवावा. चुकलेली नोंद एका रेघेने खोडून शेजारी सही करावी. पांढरी शाई लावलेले पान पाहिले की खरेदीदाराचा उरलेल्या वहीवरचाही विश्वास उडतो.

पुढच्या कामांची यादी करताना ‘अजून २३ तास शिल्लक’ असे लिहू नये, ते दुसऱ्याच दिवशी खोटे ठरते, ‘एअरफ्रेम ३,४५०.० तासांना देय’ असे लिहावे. पूर्ण प्रवाहाचा फिल्टर असलेल्या लायकमिंग कंपनीच्या इंजिनाचे ऑइल ५० तासांनी, केवळ जाळी असेल तर २५ तासांनी, आणि तास भरले नाहीत तरी चार महिन्यांनी बदलायचे असते. बऱ्याच मॅग्नेटोंची (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्रांची) आतून तपासणी ५०० तासांना येते. लायकमिंगच्या ओ-३२० आणि ओ-३६० कुळातील इंजिनांची ओव्हरहॉलची मुदत साधारण २,००० तास आहे, परंतु त्याआधी १२ वर्षे झाली तर तीच मुदत. आपल्याकडे ही वर्षांची अट अधिक बोचते. सह्याद्रीच्या कुशीत जून ते सप्टेंबर ढग उतरलेले असतात, विमान हँगरमध्ये उभे राहते, आणि दमट हवेत कॅमशाफ्टला गंज धरतो. त्या चार महिन्यांत टॅक हलत नाही, पण ऑइलची मुदत संपलेली असते. यासाठी तासांच्या रकान्याशेजारी तारखेचा रकाना असलाच पाहिजे, आणि दोहोंपैकी जे आधी येईल ते लाल शाईने लिहावे. पावसाळ्यात नुसते जमिनीवर इंजिन फिरवून बंद करण्याने फायदा होत नाही. तेलातील ओल उडून जाण्याइतके ते तापत नाही, मीटर मात्र पुढे सरकतो.

कॉम्प्युटरवर हिशेब ठेवणाऱ्यांना एकच सूचना: साध्या तास-मिनिटांच्या रचनेत स्प्रेडशीट चोवीस तासांनंतर बेरीज पुन्हा शून्यापासून दाखवते, त्यामुळे तासांचे अक्षर चौकटी कंसात घालणारी रचना निवडावी, किंवा सगळे मिनिटांत ठेवून शेवटी साठाने भागावे.

महिन्यातून एकदा, एखाद्या ठरलेल्या तारखेला, टॅकच्या महिन्याभराच्या वाढीला हॉब्सच्या वाढीने भागावे. एकाच प्रकारची उड्डाणे करणाऱ्या विमानात हे गुणोत्तर फारसे हलत नाही; वरच्या उदाहरणात ते ०.७७ च्या आसपास येते. ते एकाएकी चढले, तर हॉब्स मधूनमधून थांबत असण्याची शक्यता आहे, आणि तो ऑइल प्रेशरच्या स्विचवर असेल तर त्या स्विचपाशी तेल पाझरते आहे का हे त्याच दिवशी पाहावे. ते घसरले, तर टॅकची केबल तुटण्याच्या बेतात आहे का ते तपासून घ्यावे, किंवा त्या महिन्यात सर्किटचा सराव जास्त झाला का हे लँडिंगच्या रकान्यात पाहावे. इंधनाचे लिटर त्याच ओळीत लिहिले, तर तिसरा साक्षीदारही हाताशी राहतो.