कंपाउंडची नावं आणि फॉर्म्युले लिहिताना या चुका टाळा

केमिस्ट्री सुरू झाली की पहिली गाडी अडते ती रिअ‍ॅक्शनवर नाही, नावांवर. फॉर्म्युला दिला की नाव सुचत नाही, नाव दिलं की फॉर्म्युला जमत नाही, मग मुलं सरळ अख्खी यादीच घोकायला बसतात. खरं तर पाठ करायचं ते फार थोडं आहे, नेहमी लागणारे वीस-पंचवीस आयन (म्हणजे चार्ज असलेले अणू किंवा अणूंचे गट) आणि त्यांचे चार्ज, बाकी सगळं हिशोबाने निघतं. आणि बहुतेक चुका होतात त्या हा हिशोब न करता अंदाजपंचे आकडे टाकल्यामुळेच. (खाली फॉर्म्युले आपण तोंडाने म्हणतो तसेच लिहिलेत, एच टू ओ, सीए ओएच होल ट्वाइस वगैरे, वही-पेन घेऊन सोबत लिहीत गेलात तर बरं पडेल.)

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे कुठेही डाय-ट्राय लावणं. सीए सीएल टू दिसलं की लगेच 'कॅल्शियम डायक्लोराइड' लिहून मोकळे. डाय, ट्राय, टेट्रा हे दोन्ही बाजूला अधातू असतील तेव्हा लावायचं, कारण अधातू एकमेकांशी वेगवेगळ्या प्रमाणात जुळतात. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचंच बघा ना, एन टू ओ आहे, एनओ आहे, एनओ टू आहे, एन टू ओ फोर आहे, त्यामुळे नावात आकडा सांगितला नाही तर नेमकं कोणतं हे कळणारच नाही. कॅल्शियमचं तसं नाही, त्याचा चार्ज प्लस २, क्लोराइडचा मायनस १, म्हणजे जोडी जमायची एकच रीत, म्हणून नुसतं कॅल्शियम क्लोराइड. तर नाव लिहायच्या आधी पहिला प्रश्न हाच की यात धातू आहे का. याला एक फसवा अपवाद आहे, अमोनियम. एनएच फोर सीएल मध्ये धातू नाही तरी ते आयनिकच, म्हणजे आयनांनी बनलेलं, अमोनियम क्लोराइड. आणि अमोनिया वेगळा, अमोनियम वेगळं: एनएच थ्री हा वायू, त्यावर चार्ज नाही, एनएच फोर हा प्लस १ चा आयन. आता कोणीतरी विचारणारच की मग मँगनीज डायऑक्साइड कसं काय चालतं? ते जुन्या सवयीचं नाव आहे, अजून वापरात आहे, पण त्यावरून नियम काढायला जाऊ नका.

आता रोमन आकड्याकडे येऊ, इथे जरा थांबावं लागेल. एफई टू ओ थ्री दिसलं की एफई खाली २ आहे म्हणून कंसात रोमन दोन, असं भरपूर जण लिहितात. कंसातला आकडा म्हणजे किती अणू आहेत ते नाही, एका धातूच्या आयनवर किती चार्ज आहे ते. हिशोब करून बघा: एका ऑक्साइडचा मायनस २, तीन ऑक्साइडचे मायनस ६, म्हणजे दोन आयर्ननी मिळून प्लस ६ भरायचे, प्रत्येकाच्या वाट्याला प्लस ३. म्हणून हे आयर्न (रोमन तीन) ऑक्साइड. रोमन दोन असतं ते एफई ओ. पीबी ओ टू मध्ये उलटी गंमत होते, दोन ऑक्साइडचे मायनस ४, लेड एकटंच, त्यामुळे रोमन चार, आणि 'चार' हा आकडा फॉर्म्युल्यात कुठे दिसतच नाही. ही पद्धत जर्मन केमिस्ट आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१९ मध्ये सुचवली, त्याआधी फेरस-फेरिकच चालायचं. जुनी नावं बाटल्यांवर अजूनही भेटतात म्हणून ओळखता यायला हवीत, पण त्यात लोक 'इक म्हणजे ३' असं धरून बसतात. तसं नाहीये. इक म्हणजे त्या धातूच्या नेहमीच्या दोन चार्जपैकी मोठा, अस म्हणजे लहान. फेरिक ३ आणि फेरस २, पण क्युप्रिक २ आणि क्युप्रस १, स्टॅनिक ४ आणि स्टॅनस २. माझं मत विचाराल तर लिहिताना रोमन आकडाच लिहा, गोंधळच नको. फक्त सोडियम, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम यांच्यापुढे तो लावत बसू नका, यांचा चार्ज ठरलेलाच आहे.

फॉर्म्युला बनवताना चार्जचे आकडे तिरके उतरवायची ट्रिक (एकाच्या चार्जचा आकडा दुसऱ्याच्या खाली लिहायचा) सगळ्यांना येते, चूक होते ती पुढच्या पायरीला. एमजी टू ओ टू तसंच सोडलं तर चूक, ते एमजी ओ करायचं. पण मग हेच भाग देणं सगळीकडे सुरू होतं आणि एच टू ओ टू चं एचओ होतं, सी सिक्स एच ट्वेल्व्ह ओ सिक्स चं सीएच टू ओ होतं. सी सिक्स एच ट्वेल्व्ह ओ सिक्स हे ग्लुकोज आहे आणि सीएच टू ओ हा फॉर्मल्डिहाइडचा फॉर्म्युला आहे, झालं ना भलतंच! रेणूंच्या फॉर्म्युल्यात खरोखर किती अणू आहेत ते लिहिलेलं असतं, त्याला भाग द्यायचाच नाही. आयनिक मध्येही सोडियम पेरॉक्साइड, एनए टू ओ टू, तसंच राहतं, कारण तिथे दोन ऑक्सिजन मिळून मायनस २ चा एकच आयन आहे, तो तोडता येत नाही.

कंस. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड एमजी ओएच टू असं बिनकंसाचं लिहिलं की २ फक्त हायड्रोजनला लागला, ऑक्सिजन एकच उरला. अ‍ॅल्युमिनियम सल्फेटला कंस विसरलात तर एसओ च्या खाली ४ आणि ३ शेजारी-शेजारी येतात आणि वाचणाऱ्याला त्रेचाळीस ऑक्सिजन दिसतात. याचाच दुसरा अवतार मोलर मास (एका मोलचं ग्रॅममधलं वजन) काढताना भेटतो. एएल टू एसओ फोर होल थ्राइस मध्ये अ‍ॅल्युमिनियम २, सल्फर ३, ऑक्सिजन १२, म्हणजे ५४ + ९६ + १९२ = ३४२. पुष्कळ जण ऑक्सिजनला तीनने गुणतात आणि सल्फरला विसरतात, उत्तर येतं २७८. तुमचं उत्तर ६४ ने कमी आलं असेल तर चूक कुठे आहे ते शोधायची गरजच नाही, दोन सल्फर राहिलेत. उलट बाजूने, आयन एकदाच येत असेल तर कंस नको, एनए ओएच ला कशाला कंस.

नावाच्या शेवटी येणाऱ्या आइड, आइट, एट यात 'एट म्हणजे चार ऑक्सिजन' असा एक गैरसमज पसरलेला आहे. सल्फेटला ४ आहेत पण नायट्रेटला ३, कार्बोनेटला ३, क्लोरेटला पण ३. खात्रीने एवढंच सांगता येतं की एकाच मूलद्रव्याच्या आइटमध्ये एटपेक्षा एक ऑक्सिजन कमी असतो आणि नेहमीच्या जोड्यांमध्ये चार्ज तोच राहतो: सल्फेट एसओ फोर, सल्फाइट एसओ थ्री, दोघांवर मायनस २. आइड म्हणजे साधारणपणे ऑक्सिजन नाहीच, ऑक्साइड, हायड्रॉक्साइड, पेरॉक्साइडसारखे मोजके सोडून. अ‍ॅसिडची नावं यावरूनच पडतात, एटचं इक आणि आइटचं अस, म्हणून नायट्रेटवरून नायट्रिक आणि नायट्राइटवरून नायट्रस. एवढं लक्षात ठेवलं की अ‍ॅसिडची वेगळी यादी करावी लागत नाही.

सिम्बॉलमध्ये पोटॅशियमला पी लिहिणं (ते के आहे, पी म्हणजे फॉस्फरस) आणि मॅग्नेशियम-मँगनीजची अदलाबदल, हे सरावाने जातं. पण मोठ्या-छोट्या अक्षराकडे दुर्लक्ष महागात पडतं. सी मोठा, ओ छोटा आणि पुढे सीएल टू लिहिलं तर ते कोबाल्ट क्लोराइड, ओलावा ओळखायच्या कागदात असतं ते. तोच ओ मोठा काढला की झाला फॉस्जीन, पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू.

समीकरण बॅलन्स करताना खालचा आकडा बदलणं हे तर ठरलेलंच. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं पाणी बनवताना ऑक्सिजन जुळत नाही म्हणून एच टू ओ चं एच टू ओ टू करून टाकतात, ऑक्सिजन जुळतो पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालेलं असतं. बदलायचा तो फॉर्म्युल्याच्या आधी लिहायचा आकडा, खालच्याला हात लावायचा नाही.

शेवटचं म्हणजे पाणी असलेले क्षार. निळ्या कॉपर सल्फेटच्या फॉर्म्युल्यात सीयू एसओ फोर नंतर टिंब आणि मग ५ एच टू ओ असतं, ते टिंब म्हणजे गुणाकार नाही, पाणी सोबत आहे एवढंच. मोलर मास काढताना १५९.५ मध्ये पाच पाण्याचे ९० मिळवायचे, २४९.५. प्रॅक्टिकलला ०.१ मोलरचं (म्हणजे लिटरमागे ०.१ मोल) एक लिटर सोल्युशन करायचं असेल तर निळे खडे २४.९५ ग्रॅम लागतील. पाणी विसरून १५.९५ ग्रॅम घेतले तर सोल्युशन ०.०६४ मोलरच्या आसपास बनतं, दिसायला निळंच दिसतं त्यामुळे शंकाही येत नाही आणि मग पुढची सगळी रीडिंग चुकतात. म्हणून बाटली हातात घेतली की लेबलवर टिंबाच्या पुढे काय लिहिलंय ते आधी वाचा, वजनकाटा नंतर.