हान कांगची 'ह्यूमन ॲक्ट्स' वाचताना 'तू' कोण ते धरून ठेवा

कोरियन लेखिका हान कांगला नोबेल मिळाल्यावर तिची 'ह्यूमन ॲक्ट्स' ही कादंबरी घेतली आणि दुसऱ्या प्रकरणातच सोडली असं मला दोघातिघांनी सांगितलं, पहिल्या वेळी मीही तिथेच सोडली होती कारण कोण बोलतंय तेच कळेना. नंतर परत घेतली आणि पूर्ण झाली, ती कशी ते लिहिते.

आधी थोडी पार्श्वभूमी, एवढी पुरते. दक्षिण कोरियाचा हुकूमशहा पार्क चुंग-ही ऑक्टोबर १९७९ मधे मारला गेला, डिसेंबरात जनरल चुन दू-ह्वानने लष्कर ताब्यात घेतलं आणि १७ मे १९८० ला मार्शल लॉ देशभर लावला. १८ तारखेला ग्वांगजू शहरात विद्यार्थी विरोधात उभे राहिले, त्यांना पॅराट्रूपर्सनी भर रस्त्यात झोडपलं, ते बघून टॅक्सीवाले, बसवाले, साधी माणसंसुद्धा उतरली आणि २१ ला जमावावर गोळीबार झाला. मग लष्कर शहराबाहेर गेलं, काही दिवस लोकांनीच शहर चालवलं आणि २७ च्या पहाटे रणगाडे परत आले. त्यानंतरही सरकार कितीतरी वर्षं ह्या लोकांना दंगलखोरच म्हणत राहिलं, हे विसरू नका, कादंबरीतली जखम तिथेच चिघळते.

आता पेन्सिल घ्या. प्रत्येक प्रकरणावर साल दिलंय, १९८०, परत १९८०, मग १९८५, १९९०, २००२, २०१० आणि शेवटी २०१३. त्या सालाशेजारी एकच गोष्ट लिहायची, इथे 'यू' म्हणजे कोण. कादंबरीत कोणालातरी 'यू' म्हणत बोललं जातं आणि इंग्रजी भाषांतरात सगळीकडे एकच 'यू' आहे म्हणून गोंधळ होतो, आपल्याकडे तू आणि तुम्ही दोन्ही आहेत तर वापरा की. पहिल्या प्रकरणातला 'यू' म्हणजे दोंग-हो हा शाळकरी मुलगा, त्याला मनात 'तू'च म्हणा, आई म्हणेल तसं, मूळ कोरियनमधेही तो जवळिकीचाच शब्द आहे. दुसऱ्यात बोलतोय तो त्याचा मेलेला मित्र, स्वतःच्या प्रेताजवळून. १९९० मधला कैदी मुलाखत घ्यायला आलेल्या प्राध्यापकाशी बोलतोय, ते 'तुम्ही'. २००२ मधे मात्र 'यू' म्हणजे ती कामगार बाईच, मी तिलाही 'तुम्ही'च म्हटलं. एवढं केलं की पुस्तक उघडतं, खरंच.

पहिलं प्रकरण घाईत वाचू नका. दोंग-हो मित्राला शोधायला प्रेतं ठेवलीयत तिथे आलेला असतो आणि त्या प्रेतांची वही ठेवायला लागतो, बाई की पुरुष, अंदाजे वय, कपडे कुठले, बूट कुठले, म्हणजे घरच्यांना ओळखता यावं. वास दबावा म्हणून उशाशी मेणबत्त्या. आणि त्याला एक प्रश्न पडतो, सैनिकांनीच मारलेल्या माणसांच्या शवपेटीवर देशाचा झेंडा का घालायचा, राष्ट्रगीत का म्हणायचं. ह्या पानाला खूण करून ठेवा, पुढची सगळी माणसं कुठल्या ना कुठल्या रीतीने ह्याच प्रश्नाशी झगडतायत असं मला वाटतं.

दिवसाला एकच प्रकरण, जास्त नाही. १९८५ मधे एका प्रकाशनसंस्थेतल्या मुलीला चौकशीत सात थपडा बसतात आणि ती ठरवते की रोज एक विसरायची, तुम्हीही तेवढाच वेळ घ्या. कैद्याचं प्रकरण रात्री वाचू नका, त्यात छळासाठी साधं पेन वापरलंय आणि नंतर आपलं पेन हातात धरवत नाही. ते नाहीच झेपलं तर काही पानं सोडा, अपराधी वाटून घेऊ नका.

२०१० चं दोंग-होच्या आईचं प्रकरण मात्र सोडायचं नाही. तीस वर्षं झालीत, मुलगा आज पंचेचाळीसचा असता, आणि ही म्हातारी रस्त्यात दिसलेल्या शाळेच्या गणवेशातल्या एका पोराच्या मागे मागे चालतेय कारण तिचा मुलगा अजून तेवढाच आहे.

शेवटच्या प्रकरणात लेखिका स्वतः येते. तिचं कुटुंब १९८० च्या सुरुवातीला ग्वांगजू सोडून सोलला गेलं, म्हणजे ती थोडक्यात वाचली, आणि पुढे साधारण बाराव्या वर्षी तिने त्या हत्याकांडाच्या फोटोंचा अल्बम घरात पाहिला. मूळ कोरियन नावाचा अर्थ 'मुलगा येतोय' असा आहे. म्हणून संपल्यावर लगेच मिटू नका, परत पहिली दोनतीन पानं काढा, पाऊस येणार वाटतं असं पुटपुटणारा दोंग-हो तिथे अजून उभा आहे.