मुलांना घेऊन घोड्यावरून रानात मुक्कामाला जायचं तर

पहिला दिवस छोटा ठेवा. मुलांसाठी दोन तास खोगिरावर पुष्कळ झाले. साध्या चालीनं घोडा तासाला सहाएक किलोमीटर जातो, चढावर त्याहून कमी. तेव्हा दहा किलोमीटरच्या आत जागा बघायची.

हे मी पहिल्या खेपेला शिकले. तेव्हा पाच तासांचा टप्पा आखला होता. सात वर्षांचा माझा मुलगा हूं की चूं न करता बसून राहिला आणि रात्री कपडे बदलताना दिसलं, मांड्या आतून सोलवटल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. आता आतल्या बाजूला जाड शिवण नसलेल्या लांब पँटी घेते, आणि दर पाऊण तासाला सगळे उतरून दहा मिनिटं घोड्याशेजारी चालतो. घोड्याच्या पाठीलाही तेवढाच विसावा.

घोडा मुलांच्या हौसेवर निवडू नका. रंग, आयाळ, रुबाब सगळं मागाहून. वयानं पोक्त, झुडपात काही खसफसलं तरी न बिचकणारा हवा. माणूस, खोगीर, सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शावर जाऊ नये. चारशे किलोच्या घोड्यावर ऐंशी किलो, बस्स. मोठ्या माणसापुढे मूल बसवायचा मोह टाळा.

बुटाला टाच हवीच. सपाट तळाचा पाय रिकिबीतून आरपार जातो, आणि पडलं तर माणूस फरफटत जातो. हेल्मेट घोडेस्वारीचंच.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा, आवळून झाला की काम संपलं असं समजू नका. खोगीर चढवताना बरेच घोडे अंग ताठ धरतात आणि चालायला लागले की सैल सोडतात. दहा मिनिटांनी थांबून तंगाखाली बोटं घालून बघा आणि पुन्हा आवळा. एकदा मी हे विसरले आणि वळणावर लेकीचं खोगीर एका अंगाला कललं. घोडा शहाणा, जागीच उभा राहिला.

वाटेत दोन घोड्यांमध्ये एका घोड्याइतकं अंतर ठेवा. ओढ्यावर शेवटच्या घोड्याचं पाणी पिऊन होईपर्यंत कुणी पुढे निघू नये. बाकीचे निघालेले दिसले की तो अर्धवट पिऊन मान वर करतो. दिवसाला त्याला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं, उन्हात जास्तच.

मुक्कामाला पोचलात की तंबू नंतर, आधी घोडे. खोडाला थेट बांधू नका, तो साल कुरतडतो आणि खुरांनी मुळं उघडी पाडतो. दोन भक्कम झाडांना रुंद पट्टे गुंडाळून त्याच्या डोक्याहून उंच दोर ताणा आणि दावं त्यावर बांधा, एका ओढीत सुटणाऱ्या गाठीनं. जागा पाण्यापासून साठ मीटर तरी लांब असू द्या. दावं हाताला कधीच गुंडाळायचं नाही, हे मुलांना रोज सांगा.

खूर साफ करणं आमच्याकडे लेकीचं काम. ती घोड्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते, पायावरून हात खाली नेते, तो खूर उचलून देतो. मग आकड्यानं टाचेकडून पुढे माती खरवडते. एकदा खाचेत बोराएवढा खडा निघाला. तो तसाच राहिला असता तर सकाळी घोडा लंगडला असता.

झोपण्याआधी प्रत्येक घोड्याकडे बघून या. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून पोटाचं दुखणं त्याला भारी पडतं. चारा सोडला, वळून कुशीकडे बघतोय, पायानं जमीन उकरतोय, सारखा लोळतोय, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता पशुवैद्याला फोन लावा. नंबर निघण्याआधीच लिहून घ्या, आणि फोनला रेंज कुठवर आहे तेही विचारून ठेवा.

निघताना लीद पसरून टाका, खुरांनी झालेले खड्डे बुजवा. आमची दोन्ही मुलं हे झाल्याशिवाय खोगिरावर चढत नाहीत.