आवडत्या चित्रपटांची स्वतःची यादी कशी करावी

आवडत्या चित्रपटांची यादी करू इच्छिणाऱ्याला सर्वत्र एकच सल्ला मिळतो: शंभर श्रेष्ठ चित्रपटांची एखादी यादी घ्यावी, पाहिलेल्यांवर खुणा कराव्यात, राहिलेले पाहून टाकावेत आणि शेवटी त्यांतले दहा निवडावेत. या पद्धतीने मी दोनदा यादी केली आणि दोन्ही वेळा कोणा दुसऱ्याचीच यादी माझ्या हस्ताक्षरात उतरली. त्यानंतर गेल्या पंधरा वर्षांत स्वतःची आणि मित्रमंडळींची मिळून कितीतरी वेळा ही यादी केली, आणि त्यातून जी रीत हाती आली ती येथे देत आहे. ती मुख्यतः बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या प्रेक्षकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, कारण मराठी, कन्नड आणि हिंदी हे तिन्ही चित्रपट लहानपणापासून पाहत आलेल्या माणसाची अडचण पुण्या-मुंबईच्या माणसाहून थोडी वेगळी असते.

प्रथम एका वहीत, काहीही न पाहता, आठवतील तेवढी नावे लिहून काढावीत. भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक नावापुढे त्या चित्रपटातला एक प्रसंग आठवून लिहावा. गाणे किंवा गाजलेला संवाद लिहू नये, कारण ती दोन्ही रेडिओवरून आणि लोकांच्या तोंडून आपल्यापर्यंत पोहोचलेली असतात आणि त्यांच्यासाठी चित्रपट पाहिलेला असावाच लागतो असे नाही. प्रसंग म्हणजे डोळ्यांसमोर उभे राहणारे दृश्य. ‘श्वास’ हे नाव लिहिल्यावर, शस्त्रक्रियेनंतर नातवाची दृष्टी जाणार हे कळलेला आजोबा त्याला त्याआधी रुग्णालयाबाहेर काढून शहर दाखवायला नेतो, तो दिवस मला अजूनही आठवतो. ‘साधी माणसं’ म्हटले की लोहारकामाचा तो ठिणग्यांचा उजेड आठवतो. पण ज्या नावापुढे अर्धा तास बसूनही पेन हलत नाही, त्यावर सरळ रेघ मारावी. माझ्या पहिल्या बेचाळीस नावांपैकी एकोणीस नावे याच पायरीवर गळली, आणि त्यांत अशी काही होती जी मी चारचौघांत मोठ्या आत्मविश्वासाने घेत असे.

येथपर्यंत सगळे सोपे आहे. तिसऱ्या पायरीवर मात्र बहुतेकांची यादी बिघडते. माझी तर कित्येक वर्षे बिघडत राहिली आणि ती बिघडली आहे हेही मला कळत नव्हते. ही पायरी म्हणजे चित्रपटाची आवड आणि चित्रपटाभोवतीच्या गोष्टींची आवड एकमेकींपासून वेगळी काढणे.

माझेच उदाहरण देतो. माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर अनेक वर्षे एक हिंदी चित्रपट होता. त्याचे नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नाही. मी नऊ वर्षांचा असताना वडील मला खानापूरहून सकाळच्या गाडीने बेळगावला घेऊन आले, दुपारचा खेळ दाखवला, मध्यंतरात गोळीसोडा पाजला आणि परतताना कुंद्याचा पुडा हातात दिला. त्या चित्रपटातली मारामारी, पाऊस, नायकाचा लाल रुमाल हे सगळे मला लख्ख आठवत होते, त्यामुळे प्रसंग आठवण्याच्या परीक्षेत तो सहज उत्तीर्ण झाला. तीस वर्षांनी तो पुन्हा पाहिला तेव्हा रुमाल लाल नव्हताच, पाऊस एका गाण्यापुरता होता आणि मध्यंतरानंतरचा भाग मला पुरा बघवलाही नाही. मला आवडत होता तो वडिलांबरोबरचा दिवस. असे चित्रपट यादीतून काढावेत, पण फेकून देऊ नयेत. वहीच्या मागच्या पानावर ‘आठवणीतले खेळ’ असा मथळा देऊन ते तिथे लिहावेत. हे दुसरे पान केले नाही तर त्यांना काढायला हात धजत नाही, हा माझा अनुभव आहे.

दुसरी भेसळ पुरस्कारांची. ‘श्यामची आई’ला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ साली, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीकडे पुन्हा येण्यास ‘श्वास’पर्यंत, म्हणजे सुमारे पन्नास वर्षे, थांबावे लागले. ही माहिती आपल्याला असावी आणि तिचा अभिमानही वाटावा, परंतु आवडीच्या यादीत तिचे काही काम नाही. पुरस्काराची बाब वजा केल्यावर त्या चित्रपटाविषयी बोलायला आपल्याजवळ काय उरते, एवढेच पाहावे. माझ्या बाबतीत ‘श्वास’ उरला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळालेले माझ्या यादीतले इतर दोन उरले नाहीत, आणि ते मान्य करायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

तिसरी भेसळ भाषेची. आपल्या भागात ती सर्वांत खोल मुरलेली आहे, आणि तिच्याविषयी कोणताही मार्गदर्शक काही सांगत नाही. सीमाभागातला मराठी माणूस मराठी चित्रपट पाहायला जातो तेव्हा तो नुसता प्रेक्षक नसतो. मराठी चित्रपट गावात लागला, चार दिवस टिकला, याचाच त्याला आनंद झालेला असतो, आणि घरी परतेपर्यंत त्या आनंदाचे श्रेय तो चित्रपटाला देऊन बसतो. याची दुसरी बाजू अशी की आवडलेला कन्नड चित्रपट तो यादीत लिहीत नाही. गिरीश कासरवळ्ळी यांचा १९७७ सालचा ‘घटश्राद्ध’ मी महाविद्यालयात असताना पाहिला. वेदपाठशाळेत शिकायला आलेल्या लहान मुलाच्या नजरेतून एका विधवेला समाजाबाहेर काढले जाण्याची ती कृष्णधवल कथा आहे. आपल्या डोळ्यांसमोर नेमके काय घडते आहे हे त्या मुलाला पुरते कळत नाही आणि आपल्याला कळते, या एका अंतरावर तो चित्रपट उभा आहे. त्या रात्री मला झोप लागली नव्हती. तरीही पुढची दहा-बारा वर्षे, कोणी विचारले की पहिली पाच नावे मी मराठीच सांगत असे. कोणी मनाई केली नव्हती. मीच ते नाव गिळत होतो.

भाषेची भेसळ ओळखण्यासाठी ‘हाच चित्रपट दुसऱ्या भाषेत असता तर मला आवडला असता का?’ असे विचारावे, असा सल्ला दिला जातो. तो अर्धवट आहे आणि त्याने मीही फसलो आहे. भाषा हे काही वर घातलेले कापड नसते, की काढले आणि आतले शरीर तेच राहिले. नेमका प्रश्न असा विचारावा: हा चित्रपट माझ्या भाषेत आहे म्हणून मला आवडतो, की माझ्या भाषेचे तो काहीतरी करून दाखवतो म्हणून? पहिल्या कारणाने आवडलेला चित्रपट यादीतून काढावा आणि दुसऱ्या कारणाने आवडलेला निःशंक ठेवावा.

आपल्या सुदैवाने हा प्रश्न प्रत्यक्ष तपासून पाहण्याची सोय आहे. जब्बार पटेल यांनी ‘उंबरठा’ मराठीत केला तसाच ‘सुबह’ या नावाने हिंदीतही केला. दिग्दर्शक तेच, स्मिता पाटील त्याच आणि त्यांच्या पतीच्या भूमिकेत आपल्या धारवाडचे गिरीश कार्नाड. दोन्ही लागोपाठच्या आठवड्यांत पाहावेत आणि नायिका घर सोडून नोकरीवर निघते तेथील घरच्यांचे बोलणे दोन्हींत नीट ऐकावे. मराठी बोलण्यातला जो थंडपणा माझ्या अंगावर आला तो हिंदीत आला नाही, म्हणून माझ्या वहीत ‘उंबरठा’ आहे आणि ‘सुबह’ नाही. दुसरी जोडी ‘सैराट’ आणि त्याचा २०१७ सालचा कन्नड अवतार ‘मनसु मल्लिगे’. कन्नडमध्ये परभाषेतले चित्रपट डब करण्यास दीर्घकाळ विरोध राहिल्यामुळे तेथे कथा नव्याने चित्रित करण्याचीच प्रथा रुजली, आणि या चित्रपटात तर नायिकाही रिंकू राजगुरूच आहेत. कथा तीच, मुलगी तीच, आणि दोन्ही भाषा कळणारा आपल्यासारखा प्रेक्षक. परीक्षेसाठी याहून चांगली सामग्री मिळणार नाही. ‘सैराट’मधले करमाळ्याकडचे बोलणे काढून घेतले की मला कथा नुसती कथा वाटू लागली. मात्र अखेरच्या दृश्यातली ती शांतता भाषेवर अवलंबून नाही, हेही त्याच वेळी लक्षात आले. तेव्हा ‘सैराट’च्या पुढे मी दोन कारणे लिहिली आहेत, एक भाषेचे आणि एक नसलेल्या आवाजाचे.

कन्नड चित्रपट पाहताना एक सावधगिरी मात्र बाळगावी. आपल्याला कन्नड येते असे आपण म्हणतो तेव्हा ते बहुधा गणपत गल्लीतल्या बाजाराचे आणि सरकारी कचेरीतले कन्नड असते. ‘तिथि’सारख्या चित्रपटातले दक्षिण कर्नाटकातल्या मंड्याकडचे बोलणे त्याहून फार निराळे आहे. मी मोठ्या दिमाखात उपशीर्षकांशिवाय तो पाहायला बसलो, निम्मे विनोद निसटले, आणि ‘संथ आहे’ असा शेरा मारून मोकळा झालो. पुढे उपशीर्षकांसह पाहिला तेव्हा त्यात संथ काहीच नव्हते.

वरच्या साऱ्या चाळण्या शेवटी पुन्हा पाहण्यावर येऊन थांबतात, म्हणून त्याविषयी दोन-चार कडक सूचना. यादीत उरलेला प्रत्येक चित्रपट एकट्याने, एका बैठकीत पाहावा. घरच्यांबरोबर मुळीच पाहू नये. आमच्या घरी ‘आता बघ हां, आता तो येतो’ म्हणणारी किमान दोन माणसे असतात आणि त्यांच्यासमोर आपणही आवडल्याचा आव आणत बसतो. एका दिवशी एकच चित्रपट. मी एकदा सुट्टीच्या दिवशी ओळीने तीन पाहिले आणि तिसऱ्यावर उगाच अन्याय करून त्याला चार वर्षे बाहेर ठेवले. दूरचित्रवाणीवरची जाहिरातींसाठी कातरलेली प्रत चालणार नाही. आपण कोणती प्रत पाहत आहोत हेही तपासून घ्यावे. १९७५ साली प्रदर्शित झालेल्या ‘शोले’चा शेवट सेन्सॉरच्या आग्रहाने बदलला गेला होता आणि मूळ शेवटाची प्रत पुढे उपलब्ध झाली. चित्रपटगृहात पाहिलेला आणि आता घरी पाहिलेला ‘शोले’ एकच असेल असे गृहीत धरून निकाल देणाऱ्या दोघांचा वाद मी कॅम्पातल्या एका चहाच्या टपरीवर तासभर ऐकला आहे. दोघेही आपापल्या प्रतीपुरते खरे बोलत होते.

पुन्हा पाहण्यात सगळे गळतातच असे नाही. ‘संत तुकाराम’ मी केवळ कर्तव्य म्हणून परत पाहायला घेतला होता. प्रभातचा १९३६ सालचा चित्रपट, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला, तेव्हा तो पुरस्कारांच्या चाळणीत अडकेल अशी माझी खात्री होती. पण या वेळी माझे लक्ष तुकोबांवर राहिलेच नाही. रिकाम्या डब्यांचा आणि आजारी मुलाचा हिशेब मागत विठोबासमोर पायातली वहाण उगारणारी त्यांची बायको, आणि ती भूमिका करणाऱ्या गौरी, यांच्यावर मी खिळून राहिलो. लहानपणी पाहिला तेव्हा ती मला नुसती भांडखोर वाटली होती. आता महिन्याच्या वीस तारखेनंतरचे घर मला माहीत आहे.

यानंतरचे काम थोडे आहे. क्रमांक लावू नयेत, कारण तुकोबांच्या बायकोची आणि घटश्राद्धातल्या मुलाची शर्यत लावण्यात काही अर्थ नाही. दहाच हवेत असाही नियम नाही. माझे सध्या चौदा आहेत. प्रत्येकापुढे आवडण्याचे कारण एका वाक्यात लिहावे आणि त्यात ‘अप्रतिम’, ‘अविस्मरणीय’, ‘काळाच्या पुढचा’ हे शब्द येऊ देऊ नयेत. हे शब्द काढल्यावर वाक्यात काही उरत नसेल तर तो चित्रपट आणखी एकदा पाहायला हवा.

पानावर तारीख घालावी आणि दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत वही उघडावी. एखादे नाव गळले तर त्यावर एकच रेघ मारावी, ते खोडू नये. माझ्या वहीत ‘घटश्राद्ध’ हे नाव तीनदा आहे: एकदा पेन्सिलीने कोपऱ्यात, एकदा लिहून मीच रेघ मारलेले, आणि २०१४ च्या पानावर शाईने, पहिल्या ओळीत.