बंडी एवढी भरू नका की बैलच बसेल : रोजच्या इबादतीत या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी सत्ताविसाव्या रोज्याच्या रात्री मशिदीतून बाहेर पडलो तो डोक्यात यादी घेऊनच. ईदनंतर रोज तहज्जुद (उत्तररात्रीची ऐच्छिक नमाज), चाश्त (सकाळची ऐच्छिक नमाज), कुरआनच्या तीस भागांपैकी एक पारा, सोमवार-गुरुवारचे रोजे, प्रत्येक नमाजनंतर पूर्ण तस्बीह, म्हणजे अल्लाहच्या नावाचा जप. अब्बांना सांगितलं. ते वखराची पास घासत होते. मान वर न करताच म्हणाले, "एवढी बंडी भरू नको बावा, बैल बसन."

बैल अकरा दिवस चालला, मग बसला. बाराव्या दिवशी चुलतभावाचं लग्न होतं. रात्री दोन वाजता घरी आलो आणि तहज्जुद सोडा, फजरसुद्धा, म्हणजे पहाटेची फर्ज नमाजही गेली. मग उरलेलंही सोडलं, कारण मोडलंच आहे तर आता काय.

माझ्या पाहण्यातली सगळ्यात मोठी चूक हीच. सुन्नतप्रमाणे, म्हणजे प्रेषितांच्या रीतीने, जगायचं म्हणून आपण जे करायला जातो, ते पुष्कळदा सुन्नतच्या उलट असतं. अब्दुल्लाह बिन अम्र हे तरुण सहाबी (प्रेषितांचे साथी) रोज रोजा ठेवायचे आणि रात्रभरात अख्खं कुरआन पढायचे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना कळलं तेव्हा त्यांनी शाबासकी दिली नाही. महिन्यात तीन रोजे पुरे म्हणाले. अब्दुल्लाह हट्टालाच पेटले, तेव्हा एक दिवस रोजा आणि एक दिवस सुट्टी, याच्यापुढे काही नाही, असं ठरवून दिलं. म्हातारपणी हेच अब्दुल्लाह हळहळायचे की ती सवलत तेव्हाच घेतली असती तर बरं झालं असतं. थोडं असलं तरी नेमाने केलेलं काम अल्लाहला जास्त आवडतं, ही प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशांनी सांगितलेली हदीस (प्रेषितांचं वचन) आपण जुम्याला ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन पुन्हा यादी करतो.

मी आता असं सांगतो: पाच फर्ज, म्हणजे रोजच्या पाच सक्तीच्या नमाजा, हे वावर, बाकीचं आंतरपीक. फर्ज वेळेवर उभे राहिल्याशिवाय बाकीचं पेरू नका. ते जमलं की फजरच्या आधीच्या दोन सुन्नत (फर्जाशिवायच्या) रकअती, म्हणजे नमाजच्या दोन फेऱ्या, पक्क्या करा, हुजूरांनी (प्रेषितांनी) त्या कधी सोडल्या नाहीत. मग हळूहळू दिवसाच्या बारा रकअतींपर्यंत या: फजरआधी दोन, जोहरआधी (दुपारची) चार आणि नंतर दोन, मगरिबनंतर (सूर्यास्ताची) दोन, इशानंतर (रात्रीची) दोन. एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर जायला एक हंगाम लागला तरी चालेल.

घड्याळ मुंबईचं, सूर्य यवतमाळचा

ही चूक कोणी चूक समजतच नाही. फोनमध्ये नमाजच्या वेळांचं ॲप टाकतात, लोकेशन बंद ठेवतात आणि शहर मुंबईवर अडकून राहतं. नाहीतर मुंबईहून आलेल्या पाहुण्याने दिलेलं टाइमटेबल भिंतीवर लागतं. एक रेखांश म्हणजे चार मिनिटं. मुंबई आणि यवतमाळ यांच्यात पाच रेखांशांहून जास्त अंतर आहे, म्हणजे आपल्याकडे सूर्य सुमारे २० मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. बुलढाण्याला फरक थोडा कमी, गडचिरोलीला जास्त. इफ्तार उशिरा झाला तर फार बिघडत नाही, पण सेहरीत तेवढी २० मिनिटं जास्त खाल्लं तर रोजाच गेला. आणि फजरला "अजून दहा मिनिटं आहेत" म्हणून जो वजूला (नमाजआधी हात-पाय-तोंड धुवायला) बसतो, त्याच्या धुऱ्यावर ऊन आलेलं असतं.

त्याच ॲपमध्ये असरसाठी (दुपारनंतरची नमाज) हनफी आणि शाफई या दोन धर्मशास्त्रीय परंपरांचा पर्याय असतो. आपल्याकडे बहुतेक मशिदी हनफी, कोकणात शाफई. पर्याय चुकला तर असर जवळजवळ तासभर आधी दिसते आणि मग मशिदीच्या अजानलाच लोक चूक म्हणतात.

उन्हाळ्याचंही तसंच. मे महिन्यात पारा ४५ वर असताना जोहरची वेळ लागल्या लागल्या वावरातून धावत यायचं आणि चक्कर येऊन ओट्यावर पडायचं, यात काही कमाई नाही. ऊन कडक असेल तेव्हा जोहर थंडाव्यात पढा, असं हुजूरांनीच सांगितलंय. दुपारची घटकाभर झोप, कैलूला, हीसुद्धा सुन्नतच. अब्बा ही सुन्नत फार मनापासून पाळायचे.

"कपडे खराब आहेत" हे कारण

मातीने, घामाने कपडे नापाक होत नाहीत. पाणी नसेल तर ज्या मातीवर हात मारून तयम्मुम (वजूऐवजीची शुद्धी) होतो, तिनेच लुंगी मळली तर नमाज कशी अडेल? शेण-मूत लागलं असेल तर तेवढा भाग धुवा. फवारणीचे दिवस मात्र वेगळे. औषध अंगावर घेऊन बसू नका, नमाजसाठी नव्हे, जिवासाठी. मी वावरातल्या खोपडीत खुंटीला एक धुतलेली लुंगी आणि एक रिकामं पोतं टांगून ठेवलंय. जोहर-असर सुटायचं प्रमाण माझं तरी त्या लुंगीने जितकं कमी झालं तितकं कोणत्या बयानाने झालं नाही.

वजूचा नळ सोडून गप्पा मारणाऱ्यांसाठी एवढंच: हुजूर एका मुद्दमध्ये वजू करायचे, म्हणजे लीटरभराच्या आत. लोटा भरून करून पाहा. आणि खर्रा (तंबाखू-सुपारी) थुंकून थेट सफमध्ये, म्हणजे नमाजच्या रांगेत, उभे राहू नका. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये असं सांगितलेलं असताना खर्ऱ्याचं काय म्हणावं! दात घासायला कडुलिंबाची काडी दारात आहे.

देवनागरीतल्या सुरा

पोरं मराठी शाळेत शिकतात, अरबी येत नाही, म्हणून सुरा देवनागरीत लिहून पाठ करतात. सुरुवातीला ठीक, पण तिथेच थांबू नका. अरबीत घशातून निघणारा 'क' वेगळा आणि आपला साधा 'क' वेगळा. 'कुल हुवल्लाहु' यातला पहिला शब्द घशातून आला तर अर्थ 'सांग', साध्या 'क'ने आला तर 'खा'. वहीत दोन्ही सारखेच दिसतात. दिवसाला एक आयत हाफिजजींसमोर (कुरआन तोंडपाठ असलेल्यांसमोर) बसून दुरुस्त करून घ्या. चाळिशीतही लाजायचं कारण नाही, मी बेचाळिसाव्या वर्षी बसलो, शेजारी सात वर्षांचं पोरगं होतं आणि ते माझ्या चुका मोजत होतं.

बायकांच्या वाट्याला उरलेला वेळ

नेमाची चर्चा होते ती पुरुषांची. सेहरीला आधी उठून भाकरी थापणारी, दिवसभर वेचणीला जाणारी बाई यात कुठे बसते, हे कोणी विचारत नाही. प्रेषितांच्या कन्या हजरत फातिमांच्या हातांना जातं ओढून घट्टे पडलेले होते. त्यांनी वडिलांकडे मदतीला माणूस मागितला, तेव्हा झोपताना ३३ वेळा सुभानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणायला सांगितलं गेलं. माझी अम्मी पऱ्हाटीत कमरेला ओटी बांधून हेच म्हणते. बोंडाच्या वाळल्या टोकांनी तिची बोटं चिरलेली असतात, तरी मोजायची बोटांच्या पेरांवरच. हातात कापूस असला की पेरं सापडत नाहीत, मग म्हणते, "चुकलं, पुन्हा सुरू."

पाळीच्या दिवसांत नमाज नाही, म्हणून त्या वेळा पुऱ्या मोकळ्या सोडल्या की आठव्या दिवशी परत बसणं जड जातं. त्या वेळी जागेवर पाच मिनिटं जिक्र (अल्लाहचं स्मरण), दुआ केली तर घडी मोडत नाही.

मोडलं तर

रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर लाइन कित्येकदा रात्री येते. पहाटे तीनला बारे सोडून आलेला माणूस खाटेवर टेकला की फजर जाणारच. मग दिवसभर खंत आणि खंतीत जोहरही नाही. खैबरच्या लढाईहून परतताना, हिजरी ७ मध्ये, अख्ख्या काफिल्याची फजर अशीच गेली होती. अजान देणारे सहाबी बिलाल जागायला बसले होते, तेही उंटाला टेकून झोपले. ऊन अंगावर आलं तेव्हा सगळ्यात आधी हुजूर उठले. कोणाला बोल लावत बसले नाहीत. थोडं पुढे गेले, वजू केला, बिलालनी इकामत (नमाज सुरू होतेय ही हाक) दिली, नमाज झाली. विसरलेली नमाज आठवेल तेव्हा पढा, हा हुकूम त्याच सकाळचा.

तर डोळा उघडला की सूर्य पूर्ण वर येईस्तोवर पंधरा-वीस मिनिटं थांबा, त्यात वजू करा, चहा मांडू नका. दुपार कलायच्या आधी पढत असाल तर फजरच्या दोन सुन्नतही फर्जसोबत पढून घ्या. आणि रात्रीच्या लाइनचा आठवडा असेल तर मोटर बंद केल्यावर घरी येऊ नका, अजान होईस्तोवर खोपडीतच बसा. लुंगी तिथे आहेच.