टिमथी डाल्टनच्या बाँडची बाजू कशी मांडावी

जेम्स बाँड साकारणाऱ्या नटांची चर्चा रंगली की टिमथी डाल्टनचे नाव बहुधा शेवटी येते, आणि तेही 'तो जरा जास्तच गंभीर होता' एवढ्या एका वाक्यापुरते. त्याची बाजू घ्यायची असेल तर हा आक्षेप खोडून काढण्याच्या भरीस पडू नये. तो सरळ मान्य करावा. डाल्टन गंभीर होताच आणि ते त्याने जाणूनबुजून केले होते. ज्याच्या नोकरीत माणसे मारणे येते, त्याच्या मनावर त्या कामाचे ओझे असणारच, हे त्याच्या अभिनयातून दिसते का, एवढाच मुद्दा धरून ठेवावा आणि चर्चा इतरत्र भरकटू देऊ नये.

त्याआधी दोन्ही चित्रपट पुन्हा पाहावेत. १९८७ चा 'द लिव्हिंग डेलाइट्स' आणि १९८९ चा 'लायसन्स टु किल' एवढेच त्याचे काम असल्यामुळे दोन संध्याकाळी पुरतात. जुन्या आठवणींच्या भरवशावर वाद घालू नये, कारण बाँडपटांतल्या गाड्या आणि स्फोट लक्षात राहतात, नटाचा चेहरा मात्र विसरला जातो, आणि डाल्टनचे बहुतेक सगळे म्हणणे चेहऱ्यावरच आहे. रॉजर मूरला नावे ठेवून सुरुवात करण्याचा मोहही टाळावा. मूरने १९७३ ते १९८५ या काळात सात चित्रपटांतून मिश्कील, निवांत बाँड रुजवला आणि प्रेक्षकांना त्याची गोडी लागली. डाल्टन अनेकांना का रुचला नाही, याचे निम्मे उत्तर त्या सवयीत आहे.

पहिला पुरावा म्हणून 'द लिव्हिंग डेलाइट्स'मधला ब्रातिस्लाव्हातला प्रसंग दाखवावा. सोव्हिएत जनरल कोस्कोव्ह पळून येणार असतो आणि त्याच्यावर गोळी झाडायला टपलेल्या नेमबाजाला टिपण्याचे काम बाँडकडे असते. खिडकीत रायफल घेऊन एक स्त्री दिसते. थोड्याच वेळापूर्वी मैफलीत चेलो वाजवताना त्याने जिला पाहिलेले असते, तीच. तो गोळी झाडतो, पण तिच्यावर नाही, तिच्या रायफलीवर. पुढे गाडीत सॉन्डर्स हा सहकारी वरिष्ठांकडे तक्रार करण्याची भाषा करतो, तेव्हा बाँड म्हणतो की आदेश गेले खड्ड्यात, त्या मुलीला बंदूक धरताही येत नव्हती, आणि साहेबांनी मला काढून टाकले तर मी त्यांचे आभारच मानीन. हे वाक्य डाल्टन चढ्या आवाजात, टाळी घेण्यासाठी म्हणत नाही. त्यात वैताग आहे, कित्येक वर्षांचा थकवा आहे, आणि खरोखरच काढून टाकले तर बरे होईल अशी पुसटशी आशाही आहे. एवढा तुकडा थांबून दोनदा पाहिला तर समोरच्याचे निम्मे आक्षेप गळून पडतात, असा माझा अनुभव आहे.

इथे बाँडचा मूळ लेखक इयन फ्लेमिंग याचा आधार घेता येतो, कारण या प्रसंगाचा गाभा त्याच्या, चित्रपटाच्याच नावाच्या कथेतला आहे. कथा बर्लिनमध्ये घडते आणि तिथेही बाँड चेलो वाजवणाऱ्या स्त्रीला न मारता तिच्या बंदुकीवर नेम धरतो. भूमिका स्वीकारल्यावर डाल्टन मूळ पुस्तकांकडे वळला होता. पण 'तो पुस्तकातल्यासारखा आहे' एवढ्यावर थांबू नये. पुस्तकाशी इमान राखणे म्हणजे आपोआप चांगला अभिनय नव्हे. छापील पानावरचा थकवा देहबोलीत कसा उतरला, हे दाखवून द्यावे लागते.

त्यासाठी व्हिएन्नातला प्रसंग उपयोगी आहे. तोवर सॉन्डर्सशी सूत जुळलेले असते, बाँडने त्याचे मनापासून आभारही मानलेले असतात, आणि पुढच्याच क्षणी सॉन्डर्स मारला जातो. मारेकऱ्याने सोडलेला फुगा बाँडच्या हातात फुटतो, तो पिस्तूल काढून धावतो, आणि समोर एक लहान मूल निघते. दुसऱ्या चित्रपटातला गार्टरचा प्रसंग तर याहून लहान आहे. बाँडचा मित्र फेलिक्स लायटर याची नववधू डेला थट्टेने आपला गार्टर, म्हणजे मांडीवरचा मोज्याचा पट्टा, बाँडकडे टाकते. क्षणभर त्याचा चेहरा उतरतो आणि तो निघून जातो. फेलिक्स तिला एवढेच सांगतो की त्याचे एकदा लग्न झाले होते, फार पूर्वी.

तिकीटबारीचा मुद्दा निघणारच, म्हणून तपशील हाताशी ठेवावा. १९८७ च्या चित्रपटाने जगभरात मूरच्या अखेरच्या बाँडपटापेक्षा जास्त कमाई केली. 'लायसन्स टु किल' अमेरिकेत मागे पडला, हे खरे. पण त्या उन्हाळ्यात त्याच्यासमोर बॅटमन आणि इंडियाना जोन्स उभे होते, तर ब्रिटनमध्ये त्याला १५ वर्षांखालील प्रेक्षकांना मज्जाव करणारे प्रमाणपत्र मिळाले, जे त्याआधी कोणत्याही बाँडपटाला मिळाले नव्हते. त्यानंतर सहा वर्षे बाँडपट आला नाही, तो निर्माते आणि स्टुडिओ यांच्यातल्या कायदेशीर वादामुळे. डाल्टनने १९९४ मध्ये भूमिका सोडत असल्याचे जाहीर केले. तेव्हा 'दोन चित्रपटांनंतर त्याला काढले' असे कोणी म्हणाले तर शांतपणे दुरुस्त करावे.

उणिवा झाकू नयेत. चुरचुरीत कोट्या डाल्टनच्या तोंडी शोभत नाहीत, आणि चेलोच्या पेटीत बसून बर्फावरून घसरत जाण्याचा प्रसंग दुसऱ्याच कुणासाठी लिहिल्यासारखा वाटतो. हे आपणहून कबूल केले की बाकीच्या मुद्द्यांना वजन येते.

डॅनियल क्रेगचा दाखला मात्र जपून द्यावा. 'डाल्टन काळाच्या पुढे होता, क्रेगने २००६ पासून तेच केले' हे वाक्य ऐकायला सोयीचे असले तरी त्यात डाल्टनचे काम केवळ पूर्वतयारी ठरते. माझ्या मते दोघे वेगळे आहेत: क्रेगचा बाँड आघात अंगावर घेऊन कठीण होत जातो, डाल्टनचा बाँड आधीच सगळे सोसून आलेला असतो आणि तरीही त्याला पाझर फुटतो.

शेवटी 'लायसन्स टु किल'मधला सिगारेट लायटरचा प्रसंग दाखवावा, आणि तो चालू असताना मध्ये बोलू नये. रक्तबंबाळ बाँड जमिनीवर पडलेला आहे, फेलिक्सला जायबंदी करवणारा आणि डेलाच्या मृत्यूला कारण ठरलेला तस्कर सांचेझ पेट्रोलने भिजलेल्या अवस्थेत कोयता उगारून समोर उभा आहे. हे सगळे का, हे जाणून घ्यायचे नाही का, असे बाँड त्याला विचारतो आणि खिशातून फेलिक्स व डेलाने लग्नात भेट दिलेला लायटर काढतो. त्या वेळी डाल्टनच्या डोळ्यांकडे पाहावे. विजयाचा लवलेशही तिथे नाही.