थंडीत बाहेर राहणाऱ्या सशांसाठी पूर्वतयारी

निरोगी, अंगाने भरलेला आणि हिवाळी केस पूर्ण आलेला प्रौढ ससा कोरडी थंडी चांगली सोसतो. तो आजारी पडतो तो बहुधा ओलाव्याने आणि वाऱ्याच्या झोताने. म्हणून तयारी करताना छप्पर, जमीन आणि अंथरूण यांचा विचार आधी करावा व कृत्रिम ऊब देण्याचा शेवटी.

सर्वप्रथम कोणाला बाहेर ठेवायचे ते ठरवावे. पिल्ले, वयस्कर, अशक्त किंवा नुकतेच आजारातून उठलेले ससे यांची सोय घरातच करावी. बाकीच्यांचे वजन हिवाळ्याच्या तोंडावर लिहून ठेवावे, कारण फुगलेल्या केसांखाली ससा रोडावला तरी नजरेला कळत नाही. पाठीवरून हात फिरवताना मणके टोचू लागले म्हणजेच ते लक्षात येते. दाट केस दिवस लहान होत जातात तसे हळूहळू येतात, त्यामुळे घरातल्या उबेत राहिलेला ससा ऐन कडाक्यात बाहेर नेऊ नये. त्याचप्रमाणे बाहेरचा ससा दया येऊन एखादी रात्र हीटरच्या खोलीत ठेवायचा आणि सकाळी पुन्हा थंडीत सोडायचा, हेही टाळावे. आत घ्यायचाच असेल तर गरम न केलेल्या खोलीत घ्यावा, नाहीतर हिवाळा संपेपर्यंत आतच राहू द्यावा.

पिंजरा जमिनीपासून निदान १० सेंटीमीटर उंच, वाऱ्याकडे पाठ करून आणि शक्यतो भिंतीच्या आडोशाला ठेवावा. छपराला मागच्या बाजूला उतार असावा, त्यावर डांबरी कागद बसवावा आणि कडा भिंतींच्या थोड्या बाहेर काढाव्यात. पावसाची वाट पाहण्यापेक्षा ससे बाहेर काढून छपरावर बादलीभर पाणी ओतावे आणि आतून प्रत्येक सांधा बोटांनी चाचपून पाहावा. जिथे बोट ओले होईल तिथे दुरुस्ती हवी. रात्री समोरच्या जाळीवर ताडपत्रीचा पडदा सोडावा, पण वरच्या कडेला चार बोटे फट उघडी राहू द्यावी. काळजीपोटी अनेक जण पिंजरा प्लॅस्टिकने सगळीकडून बंद करून टाकतात आणि सशांचे नुकसान नेमके तिथेच होते: श्वासातली वाफ भिंतींवर पाणी होऊन साचते, लघवीतला अमोनिया कोंडतो आणि त्याचा त्रास सशाच्या नाकाला व फुप्फुसांना होतो. सकाळी पडदा उचलताच डोळ्यांना झोंबणारा वास आला, तर हवा पुरेशी खेळत नाही किंवा सफाई कमी पडते आहे असे समजावे.

झोपण्याची पेटी फार मोठी घेऊ नये. सर्व ससे अंग पसरून शेजारी शेजारी मावतील एवढीच असावी, म्हणजे त्यांच्याच अंगची ऊब आत टिकते. दार एका कोपऱ्यात ठेवल्यास वारा थेट अंगावर येत नाही. तळाशी वर्तमानपत्राचे जाड थर घालून त्यावर १५ ते २० सेंटीमीटर सुका पेंढा भरावा. पेंढ्याच्या काड्या पोकळ असल्याने त्यांत हवा अडकते. गोधडी किंवा सतरंजी मात्र ओल धरून ठेवते आणि ससे ती कुरतडून गिळतात. ओला पेंढा रोजच्या रोज काढावा आणि शौचाचा ट्रे पेटीपासून दूर ठेवावा.

पाण्याच्या बाटलीत सर्वांत आधी नळी गोठते, त्यामुळे बाटली भरलेली दिसते आणि ससा तहानलेला राहतो. रोज बोटाने नळीची गोळी दाबून थेंब पडतो का ते पाहावे, बाटलीला लोकरी आवरण घालावे आणि जोडीला एक जड भांडे ठेवून त्यातले पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलावे. पाणी गोठू नये म्हणून त्यात मीठ किंवा दुसरे काहीही घालू नये. अंग गरम राखायला जास्त खाणे लागते, म्हणून सुके गवत सतत समोर असावे. कडाक्याच्या दिवसांत दाणेदार खाद्य किंचित वाढवावे. बर्फाळलेला पाला देऊ नये आणि खाऊन उरलेली भाजी गोठण्याआधी काढून घ्यावी.

हीटरचा किंवा दिव्याचा मोह टाळलेला बरा, कारण सुका पेंढा पटकन पेट घेतो आणि वायर सशाच्या दातांतून सुटत नाही. त्याऐवजी जाड कापडी आवरणातली गरम करून ठेवायची पॅड पेटीच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे नको असल्यास सशाला दूर सरकता येते. गॅरेजमध्ये गाडी चालू होत असेल, तर तिथे ससे अजिबात ठेवू नयेत. धुराने त्यांचा जीव जाऊ शकतो.

थंडीत कोल्ह्या-कुत्र्यांची भूक वाढते. कोंबड्यांसाठीची पातळ जाळी त्यांच्या दातांपुढे टिकत नाही, म्हणून वेल्ड केलेली मजबूत जाळी लावावी आणि दाराला दोन ठिकाणी कड्या घालाव्यात. धावायला रोज मोकळी, बंदिस्त जागा मिळायलाच हवी, कारण हालचालीनेही अंग गरम राहते.

रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सशाला हातात घेऊन शेपटीखालची जागा आणि मागचे तळवे कोरडे आहेत का ते पाहावे. कान गार लागले म्हणून घाबरू नये, कारण कानांतला रक्तप्रवाह कमी करूनच ससा शरीराची ऊब राखतो. पण तो मलूल पडला, अंग सैल झाले किंवा श्वास मंदावला, तर त्याला कोरड्या टॉवेलात गुंडाळून कापडात लपेटलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवावी आणि ताबडतोब पशुवैद्यांना फोन करावा. १२ तास खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तरीही थांबू नये. नेताना पेटाऱ्यात पेंढा भरावा आणि त्याचा जोडीदारही सोबत न्यावा. वेगळे राहून परतलेल्या सशाला दुसरा अनेकदा परका समजतो आणि त्यांच्यात मारामारी होते.